डावा डोळा, उजवी करंगळी : वेरूळ ते लोणार

गुरुवार : नाशिक ते वेरूळ

सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ. हे दोन वार चुकवायचे तर गुरुवारी निघणं बरं पडतं. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. सकाळी सहाला नाशिक सोडलं तेव्हा गाडीत मी, माझा भाचा, धपाट्यांचा डबा आणि दोन कॅमेरे. त्याचा निकॉनचा झेड-५०. माझा चार महिन्यांपूर्वी घेतलेला. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे आणि दोष त्याच्या एकट्याचा नाही.

मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. २००९ पासून निकॉन डी-९० वापरला. ७०३ ग्रॅमची बॉडी, त्यावर १८-१०५ची लेन्स, म्हणजे मानेला अकराशे ग्रॅमच्या वर भार. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या मानेचा एक्स-रे उजेडात धरला आणि नुसतं ‘हं’ म्हणाले. त्याच रात्री मी हलक्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांचे आकडे वाचायला बसले. जो घेतला तो चारशे ग्रॅमच्या आसपास. चपटा, डोक्यावर उंचवटा नाही, व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, डाव्या कोपऱ्यात, पर्समध्ये आरामात मावणारा. दुकानात जेमतेम तीन मिनिटं हातात धरला, फळीवरच्या गणपतीचा एक फोटो काढला आणि पैसे दिले. साडी घेताना मी याहून जास्त वेळ लावते.

येवल्याला चहाला थांबलो. समोर पैठणीच्या दुकानाची पाटी होती, तिचा फोटो घेत होते तर भाचा म्हणाला, “मावशी, तू डाव्या डोळ्यानं बघतेस?”

“मग?”

“मग कोपऱ्यातला व्ह्यूफाइंडर का घेतलास?”

कोपऱ्यातल्या व्ह्यूफाइंडरचं एक मोठं सुख सांगतात. उजवा डोळा लावला की नाक कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला मोकळं राहतं, स्क्रीनवर चेपत नाही. पण हे सुख उजव्या डोळ्यानं बघणाऱ्यांचं. डावा डोळा त्याच कोपऱ्यात लावला की सगळा चेहरा कॅमेऱ्यामागे येतो आणि नाक थेट स्क्रीनवर. स्क्रीन स्पर्शाची. म्हणजे चार महिने माझा फोकसचा चौकोन आपोआप इकडेतिकडे पळत होता, आणि कॅमेरा बिघडलाय असं मी समजत होते, तो माझ्या नाकानं चालवलेला होता. भाच्याला हसू आवरेना. मेनूत जाऊन त्यानं व्ह्यूफाइंडर वापरतानाचा स्पर्श बंद करून दिला.

वैजापूर मागे टाकून वेरूळला दुपारी पोचलो. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे ऊन दुपारनंतरच आत शिरतं. सोळा नंबरचं कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. डोंगर वरून खाली कोरत आणून त्यातून अख्खं देऊळ मोकळं केलेलं. कळसापासून पायापर्यंत एकच दगड. चित्रकलेच्या मुलांना मी सांगायचे, इथे दगड जोडलेला नाही, नको तेवढा काढलाय. चौकटीचंही तसंच असतं.

आणि नेमकी चौकटच मला दिसत नव्हती.

प्रांगणातल्या ध्वजस्तंभापाशी उभी राहिले. स्तंभाचं टोक वरच्या कडेला किंचित श्वास सोडून ठेवायचं आणि खालच्या कोपऱ्यात दगडी हत्ती, अशी मांडणी मनात होती. डोळा लावला तर मध्यभाग स्वच्छ, पण चारही कोपरे काळसर, गिळलेले. डोळा डावीकडे सरकवला की डावे कोपरे यायचे आणि उजवे जायचे. डी-९०च्या व्ह्यूफाइंडरमध्ये प्रत्यक्ष फोटोच्या ९६ टक्केच भाग दिसायचा आणि मी कुरकुरायचे. या नव्यात पूर्ण शंभर टक्के असतात म्हणे. मला त्यातले फार तर नव्वद दिसत होते.

स्क्रीनवर बघावं तर भर उन्हात ती आरशासारखी. माझंच कपाळ दिसत होतं. शेवटी ओढणी डोक्यावरून घेतली आणि जुन्या काळी स्टुडिओतले फोटोवाले काळ्या कापडात शिरत तशी कॅमेऱ्यासकट आत शिरले. एका सहलीतली पोरं माझाच फोटो काढून गेली.

रात्री लॉजवर भाच्यानं कागदावर काढून दाखवलं. व्ह्यूफाइंडरची माहिती वाचताना आपण ठिपके मोजतो. माझ्याचे २३ लाख ६० हजार. त्याच्या झेड-५०चेही तितकेच. तेही खरे ठिपके नव्हेत, लाल-हिरवा-निळा वेगळा मोजलेला. १०२४ गुणिले ७६८, म्हणजे पावणेआठ लाखांच्या वर, आणि त्याचे तीन पट. मग आकार. तो १.०२ पट वगैरे लिहितात, पण ते छोट्या सेन्सरच्या हिशेबात. फुल फ्रेमशी, म्हणजे मोठ्या सेन्सरशी, तुलना करायची तर दीडनं भागायचं. झेड-५०चा ०.६८ येतो, माझ्या जुन्या डी-९०चा ०.९४ भागिले दीड, ०.६३. म्हणजे नवीन व्ह्यूफाइंडर लहान झाले हा माझा आरोपही खोटाच.

मग कोपरे कुठे गेले? त्याचं उत्तर ज्या आकड्यात होतं तो मी कधी वाचलाच नव्हता. डोळा काचेपासून जास्तीत जास्त किती लांब ठेवला तर पूर्ण चौकट दिसते, ते अंतर. आयपॉइंट म्हणतात त्याला. डी-९०चा १९.५ मिलिमीटर, झेड-५०चाही १९.५. माझ्या नव्याचा त्याहून दोनेक मिलिमीटर कमी. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं चष्मा नसलेल्या माणसाला वाटतं. चष्म्याची काच डोळ्यापुढे बारा-पंधरा मिलिमीटरवर असते, तिची जाडी, पुढे व्ह्यूफाइंडरभोवतीच्या आयकपचं रबर. उरतं काय?

“तुझ्या शाळेत काठावर पास होणारी मुलं असायची ना,” भाचा म्हणाला, “तसा आहे हा. चष्मा घातला की नापास.”

शुक्रवार : दौलताबाद

थंडी कडाक्याची. किल्ल्याच्या दारात आठ वाजता स्वेटर घालून उभे. कॅमेरा डोळ्याला लावला की नाकातला श्वास स्क्रीनवर, वाफेचा गोल डाग. दर दोन फोटोंनी ओढणीनं पुसायचं.

आज मी १८-१३५चा झूम लावला होता. लेन्स तशी हलकी, सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. पण चपट्या बॉडीवर ती लावली की कॅमेरा पुढे वाकतो आणि त्याला सावरायचं काम अंगठा आणि मधलं बोट यांच्या चिमटीवर येतं. कारण बाकीच्या बोटांना जागाच नाही. डी-९० उंचीला १०३ मिलिमीटर होता, चारही बोटं त्याला मूठ मारून धरायची. हा सत्तरच्या आसपास. अनामिका कशीबशी कडेला टेकते आणि करंगळी खाली लोंबकळते, किंवा बॉडीच्या तळाशी दुमडून बसते. चांद मिनारापाशी काही वाटलं नाही. मेंढा तोफेपाशी पोचेपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत एक बारीक कळ सुरू झाली. अकराशे ग्रॅमचा कॅमेरा पंधरा वर्षं धरला, मान दुखली पण हात कधी दुखला नव्हता. हलकी वस्तू चिमटीत आणि जड वस्तू मुठीत यातला फरक भाजीची पिशवी उचलणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. मी तो दुकानात विसरले.

मग अंधारी. किल्ल्याच्या पोटातला वळणावळणाचा बोगदा, शत्रूला भुलवण्यासाठी केलेला. वटवाघळांचा दर्प, पायाखाली ओबडधोबड पायऱ्या. एका झरोक्यातून उजेडाची तिरीप येत होती तिथे मी थांबले आणि दोनेक मिनिटं व्ह्यूफाइंडरमधून जुळवाजुळव करत बसले. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर अंधारात उजेड वाढवून दाखवतो, त्यामुळे भिंतीवरचे छिन्नीचे घाव असे दिसत होते की नुसत्या डोळ्यांना दिसलेच नव्हते. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यात हे शक्यच नव्हतं. तिथे अंधार म्हणजे अंधार.

पण डोळा बाजूला केला आणि त्या डोळ्याला काहीच दिसेना. छोट्याशा पडद्याच्या उजेडानं डावा डोळा दिपलेला, उजवा अंधाराला सरावलेला. एका डोळ्यात काळा पडदा, दुसऱ्यात करडा बोगदा. पायरी कुठली खोल, कुठली उथळ, कळेना. भाच्यानं माझा दंड धरून मला उतरवलं. “व्ह्यूफाइंडरचा उजेड कमी करता येतो,” तो म्हणाला, “मेनूत आहे.” मेनूत सगळं असतं.

वर बारादरीपर्यंत गेलो. भाच्याचा गॉगल पोलराइज्ड, त्यानं उभा फोटो घ्यायला कॅमेरा फिरवून उभा धरला आणि ओरडला, “स्क्रीन गेली!” गेली नव्हती. गॉगल काढला, आली. त्या वेळी मी हसले. हिशेब फिटला.

संध्याकाळी संभाजीनगरात गुलमंडीच्या बाजूला फिरताना सायकल-पंक्चरचं एक दुकान दिसलं. काकांना कॅमेरा दाखवून सांगितलं, इथे पुढे बोटं घसरतात. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, अगदी मी धरते तसा, आणि म्हणाले, “बाई, याला मूठच नाही.” तीन मिनिटांत त्या माणसानं निदान केलं. मग जाड ट्यूबचा एक तुकडा कापला, कडा पॉलिश कागदावर घासल्या आणि बोटं टेकतात तिथे दुहेरी टेपनं चिकटवला. सोल्युशन मी लावू दिलं नाही. दहा रुपये घेतले. दिसायला भयंकर, पण मधलं बोट आता जागेवर राहू लागलं. करंगळीचा प्रश्न तसाच. तिच्यासाठी तळाला लावायची धातूची पट्टी मिळते, बॉडीची उंची वाढवणारी. वजनही वाढवणारी. म्हणजे चारशे ग्रॅमसाठी पैसे मोजायचे आणि नंतर पुन्हा पैसे मोजून ते वजन वाढवायचं.

शनिवार : अजिंठा

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवायची आणि तिथून चार किलोमीटर बसनं. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा कडा, त्यात ओळीनं लेणी. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मी इथे पाचव्यांदा आले होते. चार वेळा मुलांना घेऊन, म्हणजे खरं तर मुलं मोजत.

फ्लॅश बंद, ट्रायपॉड बंद, चपला बाहेर. पहिल्या लेण्यात शिरल्यावर सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग हळूहळू गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी उमटू लागतो. झुकलेली मान, खाली वळलेली नजर, हातातलं कमळ. मुलांना मी सांगायचे, या भुवईची रेघ एका दमात ओढलेली आहे, खोडरबर न वापरता.

१/१५ सेकंद, आयएसओ ३२००. इतक्या मंद गतीत कॅमेरा हलू न देण्याचा जुना उपाय म्हणजे दोन्ही कोपरं बरगड्यांना आणि कॅमेरा कपाळाला टेकवणं. तीन आधार. पाठीमागची स्क्रीन बघत हात लांब करून काढायला गेलं की तिसरा आधार जातो. म्हणून कितीही छान स्क्रीन असली तरी मला व्ह्यूफाइंडर हवाच. पण कॅमेरा टेकत होता माझ्या चष्म्याला. दाबला की चष्मा नाकावरून घसरायचा आणि चौकट त्याच्याबरोबर.

मग मी चष्मा काढला. साखळीला लटकवला. माझा नंबर प्लस सव्वादोन, त्यात सिलिंडर, म्हणजे तिरपेपणाचा नंबर, एक. व्ह्यूफाइंडरच्या कडेला डायॉप्टरचं, म्हणजे डोळ्याचा नंबर जुळवायचं, छोटं चाक असतं, ते फिरवत गेले. जेमतेम पोचलं. आणि पुढ्यात चारही कोपरे! चार महिन्यांत पहिल्यांदा अख्खी चौकट. पद्मपाणीच्या मुकुटापासून कमळापर्यंत.

फक्त रेघा किंचित तिरक्या पुसल्यासारख्या. डायॉप्टर नंबर भरून काढतो, सिलिंडर भरून काढत नाही. त्या एका दमात ओढलेल्या भुवईला माझ्या डोळ्यात सावली पडली होती. चष्मा लावला की रेघ स्पष्ट आणि चौकट अपुरी. काढला की चौकट पुरी आणि रेघ पुसट. मी बराच वेळ आलटूनपालटून बघत राहिले. शेवटी चौकट निवडली. रेघेचं काम कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसवर सोपवलं, मांडणीचं काम त्याला सोपवता येत नाही.

एक अनपेक्षित फायदा झाला. चष्म्याशिवाय मला स्क्रीनवरचं एक अक्षर वाचता येत नाही, पण व्ह्यूफाइंडरमध्ये मेनूही दिसतो आणि काढलेले फोटोही. डायॉप्टर लावलेला असल्यामुळे तिथे सगळं वाचता आलं. डोळा न हलवता आयएसओ बदलला, फोटो तपासला. चाळिशी लागलेल्यांनी हे करून बघावं.

तोटा लगेच कळला. मागे वळले ती अनवाणी, बिनचष्म्याची, एका डोळ्यानं दिपलेली. “बाई, पायरी!” पहारेकरी ओरडला आणि दंडाला धरलं. दोन दिवसांत दुसऱ्यांदा माझा दंड कुणीतरी धरत होतं.

अंधारात आणखी एक गोष्ट जाणवते. कॅमेरा स्थिर आहे तोवर चित्र छान, जरा बाजूला वळवला की ते रेंगाळतं, ओल्या रंगावर बोट फिरवल्यासारखं. उजेड कमी असला की पडद्यावरचं चित्र सावकाश बदलतं. सतरा नंबरच्या लेण्यात छतावरून नजर फिरवायला गेले तर गरगरल्यासारखं झालं. तिथे कॅमेरा खाली ठेवला आणि नुसती बघत बसले, चष्मा लावून.

सव्वीस नंबरमधला महापरिनिर्वाणाचा बुद्ध जवळपास सात मीटर लांब, पहुडलेला. तो लहान कॅमेऱ्यात मावत नाही आणि मोठ्यातही नाही. भाच्यानं अकरा फोटो काढले. मी एक काढला, फक्त पावलांचा.

रविवार : लोणार

संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा. जिजाऊंच्या वाड्यापाशी अर्धा तास, मग लोणार. उल्का आदळून बेसाल्टमध्ये पडलेलं हे विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं, खारं पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं. आम्हाला ते नेहमीसारखं हिरवट दिसलं आणि पाण्याजवळ नेहमीसारखा कुजका वास होता.

काठावरून विवराची गोलाई चौकटीत बसवायची तर कडा कोपऱ्यांत नेमक्या कुठे कापल्या जातात हे दिसायलाच हवं. दिवस लख्ख, पायवाट खडकाळ, म्हणजे चष्मा काढायची सोय नाही. दोन मिनिटं माझी चुळबुळ बघून भाच्यानं न बोलता आपला कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि माझा घेतला.

झेड-५०ची पकड खोल आहे. हाताची बोटं आपोआप आत वळली. करंगळीसुद्धा, उंची ९४ मिलिमीटर असल्यामुळे, आत जाऊन निवांत पडली. वजन ४५० ग्रॅम, माझ्याहून जास्त, आणि हाताला हलका. व्ह्यूफाइंडर मधल्या उंचवट्यात, मागे थोडा बाहेर आलेला, त्यामुळे नाकाला श्वास घ्यायला जागा. चष्म्यासकट किंचित दाबून डोळा लावला आणि चारही कोपरे आले. तेच २३ लाख ६० हजार ठिपके, बरं का.

सगळं गोड नव्हतं. व्ह्यूफाइंडर मध्यभागी आणि माझा डोळा डावा, त्यामुळे उजवा अंगठा थेट उजव्या भुवईवर येत होता. मागचं चाक फिरवताना दोनदा अंगठा चष्म्याच्या काचेवर उमटला. डावखुऱ्यांसाठी निदान कात्र्या तरी मिळतात. डावडोळ्यांसाठी या जगात कुणी काही केलेलं नाही.

खाली उतरलो. पाण्याच्या कडेला शेकाटे चरत होते, लांब लाल पाय, टोकदार चोच. झाडीतून मोर ओरडत होते. शेकाटे उडाले की त्यांच्यामागे कॅमेरा फिरवायचा, भर उन्हात पडद्यावरचं चित्र मागे राहत नव्हतं. मनगट दुखलं नाही. किती वेळ झाला ते कळलं नाही.

भाचा दगडावर बसून माझा कॅमेरा उजव्या डोळ्याला लावून होता. चष्मा नाही, नाक बाजूला मोकळं, छोटी लेन्स लावलेली. डावा डोळा उघडा ठेवून तो इकडून उडत येणारा पक्षी बघत होता आणि उजव्यानं टिपत होता. कॅमेरा मुठीत जवळजवळ दिसतच नव्हता. एक मोर पंधरा पावलांवर आला तरी बिथरला नाही. अशा माणसासाठीच तो बनवलेला होता, हे मला तिथे उमगलं, आणि जरा रागही आला.

सोमवार : परत

वैजापूरच्या अलीकडे एका टपरीवर मिसळ. कालपासून दोघांनीही कॅमेरे परत दिले नव्हते आणि विषयही काढला नव्हता. माझी पर्स मात्र फुगली होती, झेड-५० तिच्यात तिरका कोंबावा लागतो आणि चेन लागत नाही. पर्समध्ये न मावणारा कॅमेरा मी रोज बाजारात नेईन का? नाही नेणार. हे त्याला सांगितलं नाही.

“मावशी, अदलाबदल करायची?” शेवटी त्यानं विचारलं.

“तुझा दोन वर्षं वापरलेला.”

“तुझ्यावर सायकलची ट्यूब चिकटवलेली आहे.”

“ती काढून देते.”

“नको,” तो घाईनं म्हणाला, “ती राहू दे.”

“मग दहा रुपये वेगळे पडतील.”

मिसळीचे पैसे त्यानं दिले. त्यात ते दहा आले असं तो म्हणतो. मी अजून मान्य केलेलं नाही.